कर्जत-खालापूरचा पाऊस आणि संगणकी भाषांची मोट

नेरळ स्टेशन समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटरवर आणि माथेरानचे पठार आठशे मीटरवर. दोहोंत सरळ रेषेत आठ किलोमीटरही अंतर नाही. मिनीट्रेनला मात्र त्यासाठी वळसे घेत एकवीस किलोमीटर चढावे लागते. जुलैत नेरळच्या बाजारात ऊन पडलेले असताना वर माथेरान ढगात बुडालेले असते, हे इथल्या कुणाला सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते. हवामानाचे मॉडेल नकाशावर चौकटींची जाळी टाकते आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची, एकच तापमान, एकच पाऊस देते. चौकट बारा किलोमीटरची असेल तर नेरळ, माथेरान आणि मधला चढ मिळून एक सरासरी टेकाड होते, आणि ढग अडवायला माथेरान शिल्लकच राहत नाही.

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे मॉडेल देशाच्या सेवेत आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ते विकसित केले. जागतिक अंदाजाची चौकट बारावरून सहा किलोमीटरवर आली, हा आकडा तेव्हा बातम्यांत गाजला. (मर्यादित क्षेत्रापुरती तीन-चार किलोमीटरची मॉडेल आपल्याकडे आधीपासून चालतात, ती वेगळी.) चौकट निम्मी केली की चौकटी चौपट होतात, एवढे शाळकरी पोरही सांगेल. पण गणिताची मेख पुढे आहे. चौकट लहान झाली की काळाचे पाऊलही लहान टाकावे लागते, नाहीतर वारा एका पावलात चौकट ओलांडून जातो आणि गणित फुटते. डब्ल्यूआरएफ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रादेशिक मॉडेलचा ठोकताळा असा, की चौकट जितक्या किलोमीटरची, त्याच्या सहापट सेकंदांचे पाऊल. बारा किलोमीटरला ७२ सेकंद, म्हणजे दिवसाची १२०० पावले. तीन किलोमीटरला १८ सेकंद, म्हणजे ४८०० पावले. बारावरून तीनवर यायचे तर तेवढ्याच मुलखासाठी काम ६४ पट होते. हे एका यंत्राच्या आवाक्यातले नाही. हजारो प्रोसेसरांवर ते वाटावे लागते, आणि उद्याचा अंदाज उद्या उजाडायच्या आत हाती यावा लागतो.

प्रोग्रॅमकडून इथे तीन गोष्टी एकदम मागितल्या जातात. तो वेगवान हवा, अनेक यंत्रांवर वाटून चालणारा हवा, आणि आजचे यंत्र जाऊन उद्या दुसरे आले तरी न बदलता, निदान फारसा न बदलता, चालला पाहिजे. त्यात चौथी मागणी माणसाची असते: तो लिहायला नि वाचायला सोपा असावा. चारही मागण्या पुरवणारी एकच भाषा गेल्या सत्तर वर्षांत कुणाला बनवता आलेली नाही. म्हणून सगळे जण दोन-तीन भाषांची मोट बांधतात. ‘पायथॉन चांगली की सी प्लस प्लस’ हे वाद महाविद्यालयाच्या कट्ट्यावर शोभतात. प्रत्यक्षात यश-अपयश ठरते ते भाषा जिथे एकमेकींना भेटतात त्या सांध्यावर.

डब्ल्यूआरएफ उघडून पाहिले तर ही मोट डोळ्यांना दिसते. वारा, बाष्प, ढग, पाऊस यांची गणिते फोरट्रानमध्ये आहेत. प्रोसेसरांमधली देवाणघेवाण सी भाषेतल्या एका पातळ थरातून जाते. फायली नेटसीडीएफ या स्वरूपात लिहिल्या जातात, त्याची लायब्ररीही मुळात सीमधली. वरून शेल आणि पर्लच्या स्क्रिप्ट, आणि आलेले आकडे नकाशावर उतरवायला पायथॉन. कंपाइल करायला घेतले की पडद्यावर क्रमांकांची लांबलचक यादी येते, कोणता कंपायलर आणि काम वाटायचे की नाही ते विचारणारी. लिनक्सवर जीएनयूचा कंपायलर घेऊन काम अनेक प्रोसेसरांवर वाटायचे असेल तर बहुतेक जण डोळे मिटून ३४ टाइप करतात. ज्यांनी हे मॉडेल कधी बसवले आहे त्यांच्या चेहऱ्यावर हा आकडा वाचून हसू येईल. इतरांनी एवढेच जाणावे की तोच प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपवर, कॉलेजच्या क्लस्टरवर नि महासंगणकावर चालावा यासाठीची खटपट त्या यादीत साठलेली आहे.

वाटून चालवणे म्हणजे नेमके काय, ते आपल्याच नकाशावर पाहू. समजा, एका प्रोसेसरकडे कर्जत-नेरळचा तुकडा दिला आणि दुसऱ्याकडे खालापूर-खोपोलीचा. प्रत्येकाने आपापल्या चौकटींचे गणित करायचे. पण खोपोलीकडून वर सरकणारी हवा हद्दीवरच्या चौकटीतून कर्जतच्या तुकड्यात शिरते, आणि कर्जतच्या प्रोसेसरला खोपोलीकडचे आकडे माहीतच नसतात. ते दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत आहेत. म्हणून प्रत्येक तुकडा शेजाऱ्याच्या कडेची एक पट्टी आपल्याकडे नक्कल करून ठेवतो, आणि दर पावलाला ही पट्टी ताजी करून घेतो. हे ताजे करणे निरोपांनी होते, आणि ते निरोप कसे पाठवायचे याचा ठराव म्हणजे एमपीआय, मेसेज पासिंग इंटरफेस. तुकडा १०० बाय १०० चौकटींचा असेल तर आत दहा हजार चौकटी आणि कडेला चारशेच्या आसपास. काम भरपूर, बोलणे थोडे. प्रोसेसर वाढवत तुकडा १० बाय १० वर आणला की आत शंभर चौकटी आणि त्यातल्या छत्तीस कडेच्याच. मग यंत्रे गणित कमी आणि गप्पा जास्त करू लागतात. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली दाखवून दिले होते, की कामाचा पाच टक्के भाग जरी वाटता येण्याजोगा नसेल तर कितीही यंत्रे जोडा, वेग विसाच्या पटीपुढे जात नाही.

कोणत्या वेळी कोणती पट्टी पाठवायची हे शेकडो ठिकाणी हाताने लिहायचे म्हणजे चुकांना आमंत्रण. डब्ल्यूआरएफच्या रचनाकारांनी यावर एक शहाणपणाचा तोडगा काढला. ‘रजिस्ट्री’ नावाच्या साध्या मजकुराच्या तक्त्यात प्रत्येक चलाचे नाव, मिती आणि देवाणघेवाण लिहायची; सीमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम तो तक्ता वाचतो आणि हजारो ओळींचे फोरट्रान स्वतःच लिहून देतो. ढगांचा अभ्यासक तक्ता भरतो, यंत्रांची काळजी दुसरा कुणी वाहतो. आज ‘कोड जनरेशन’ म्हणून जे मोठ्या थाटात सांगितले जाते त्याचे एक जुने रूप इथे दिसते.

फोरट्रानला वारंवार म्हातारी ठरवले जाते. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने ती १९५७ साली बाहेर आणली, तेव्हा वय झालेच आहे. पण हवामानवाले तिला सोडत नाहीत ते आळसापायी नव्हे. आकड्यांच्या जाळ्या हा तिचा मूळ विषय. शिवाय एका प्रक्रियेला दिलेल्या दोन जाळ्या मेमरीत एकमेकींवर चढलेल्या नाहीत, असे तिच्या नियमांनुसार कंपायलर गृहीत धरू शकतो. त्यामुळे तो निर्धास्तपणे क्रम बदलतो, चार-चार आकडे एका झटक्यात हाताळतो. सीमध्ये तशी हमी द्यायची सोय १९९९ च्या प्रमाणकात आली, आणि ती प्रोग्रॅमरने आठवणीने द्यावी लागते.

आपल्याकडची यंत्रांची गोष्ट या प्रश्नाला नीट बसते, कारण तिची सुरुवातच पावसापासून आहे. मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेकडून क्रे एक्स-एमपी हा महासंगणक आला, तोही अटींच्या जंजाळातून. त्याहून सरस यंत्र देण्याबाबत अमेरिकेने हात आखडता घेतला. तेव्हा भिस्त देशी यंत्रांवर आली. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेत ‘फ्लोसॉल्व्हर’ आधीच आकाराला आला होता, ट्रॉम्बेला भाभा केंद्रात ‘अनुपम’ झाला, आणि पुण्यात १९८८ साली विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक उभी राहून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. परमचे काळीज होते ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीची ट्रान्स्प्युटर चिप. चिप स्वतःच शेजाऱ्यांशी बोलू शकते ही त्या काळी क्रांतीच, आणि त्या बोलण्यासाठी ऑकम नावाची खास भाषा बेतलेली. समांतर गणिताचा विचार इतक्या नेटकेपणाने मांडणारी दुसरी भाषा मला ठाऊक नाही. पण ट्रान्स्प्युटरचे दिवस भरले आणि ऑकमही त्याच्याबरोबर गेली. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये दुसऱ्याच घराण्याचे, स्पार्क जातीचे प्रोसेसर होते. एका चिपशी लग्न लावलेली भाषा चिपबरोबर सती जाते, हा धडा पुण्याने फार लवकर घेतला.

त्याच १९९४ साली एमपीआयचे पहिले प्रमाणक आले. ती भाषा नाही, नुसता ठराव. फोरट्रानमधून हाका मारा, सीमधून मारा, खाली कुठले यंत्र आहे त्याची पर्वा नको. इतकी रूक्ष, वाक्यागणिक सहा-सात बाबी लिहायला लावणारी गोष्ट तीस वर्षे टिकली आणि तिच्या बरोबरीच्या देखण्या भाषा विस्मरणात गेल्या. आयआयटीएमचा २०१८ चा ‘प्रत्यूष’ महासंगणक क्रे कंपनीचा, इंटेल प्रोसेसरांचा. २६ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेला ‘अर्का’ एव्हिडेन कंपनीचा, एएमडी प्रोसेसरांचा. यंत्र बदलले, बनवणारा बदलला. फोरट्रान आणि एमपीआयमधले मॉडेल मात्र नव्याने लिहावे लागले नाही. जो अंदाज काढायला प्रत्यूषला दहा तास लागत, तो अर्का चार तासांत देतो, असे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले आहे. ११.७७ पेटाफ्लॉप (सेकंदाला होणाऱ्या गणितांचे माप) क्षमतेच्या यंत्राचे कौतुक झाले, ते रास्तच. त्या जुनाट भाषेचे आणि रूक्ष ठरावाचे कुणी केले नाही.

आता पायथॉन. तिच्यावाचून आज कुणाचे पान हलत नाही, आणि एकटीच्या बळावर तिला हे गणित झेपत नाही. चौकटीगणिक फिरणारे साधे आवर्तन नुसत्या पायथॉनमध्ये लिहिले तर कंपाइल केलेल्या फोरट्रानपेक्षा पन्नास-शंभर पट वेळ सहज खाते. म्हणून पायथॉनने फक्त हुकूम द्यायचे आणि राबायचे सी किंवा फोरट्रानने, अशी वाटणी ठरली. नमपाय ही तिची गणिती लायब्ररी याच वाटणीवर उभी आहे, आणि नमपायसोबत मिळणारे एफटूपाय हे साधन फोरट्रानच्या जुन्या प्रक्रिया पायथॉनमधून बोलावू देते.

कर्जतकरांना ही व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर इंजिने लागतात, सदतिसाला एक असा चढ ती ढकलत पार करतात आणि लोणावळ्याला सुटतात. पुढचे इंजिन दिशा देते, मागची जोर लावतात. पण बँकर लावायला गाडी थांबवावी लागते. वड्यांची विक्री तेवढ्यात होते हे खरे, पण वेळ जातो तो जातोच. भाषांच्या सांध्यावरही नेमके हेच. एकदा थांबून घाटभर ढकलून घेतले तर फायदा; दर खांबाला थांबून बँकर जोडू-सोडू लागलात तर त्यापेक्षा चालत गेलेले बरे. पायथॉनमधून फोरट्रानला ‘पुढचे पाऊल सगळ्या जाळीसाठी टाक’ म्हणावे, ‘या चौकटीसाठी टाक’ असे लाख वेळा म्हणू नये.

सांध्यावरचा वेळ नेहमी दिसतोच असे नाही, आणि न दिसणारा जास्त घातक. फोरट्रान जाळीतला पहिला निर्देशांक मेमरीत सलग ठेवते. सी, आणि सांगितले नाही तर नमपायही, शेवटचा. पूर्व-पश्चिम ५००, उत्तर-दक्षिण ५०० आणि उंचीचे ५० थर अशी जाळी घ्या: सव्वा कोटी आकडे, आठ बाइटांच्या हिशेबाने शंभर मेगाबाइट. ही जाळी नमपायच्या क्रमाने ठेवून फोरट्रानला नुसती वाचायला दिली तर एफटूपाय तक्रार करत नाही. ते निमूटपणे सगळी जाळी उलट क्रमाने नक्कल करते आणि ती पुढे देते. उत्तर बरोबर येते, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण तीन किलोमीटरच्या मॉडेलची दिवसाची ४८०० पावले आठवा. एका चलापायी दिवसाच्या अंदाजाला ४८० गिगाबाइट नुसते इकडचे तिकडे होतात, गणित शून्य. जाळी बनवतानाच तिला फोरट्रानचा क्रम द्यायला सांगणारा एक शब्द लिहिला की हे सगळे थांबते. अशा एका शब्दापायी ‘पायथॉन मंद आहे’ असा शिक्का मारून मोकळे झालेले प्रकल्प थोडे नसतील.

दुसरी अडचण जीपीयूने आणली. खेळांच्या चित्रांसाठी जन्मलेल्या या चिपा गणिताला जुंपण्यासाठी एनव्हिडियाने २००७ मध्ये कुडा आणली, आणि ऑकमचा धोका नव्या वेषात परत आला: लिहिलेला कोड एकाच कंपनीच्या दावणीला. यावर तीन वाटा निघाल्या. पहिली, जुन्या फोरट्रानमध्येच सूचनांच्या ओळी पेरायच्या, की हे आवर्तन जीपीयूवर ने. ओपनएसीसी आणि ओपनएमपी ही त्यातली प्रचलित नावे. दुसरी, गणित सी प्लस प्लसमध्ये एकदाच लिहायचे आणि कोणत्या चिपवर मेमरी कशी मांडायची हे लायब्ररीवर सोपवायचे. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेची कोकोस लायब्ररी या जातीची. तिच्यावर उभे असलेले स्क्रीम हे सव्वातीन किलोमीटर चौकटीचे जागतिक मॉडेल फ्रंटियर महासंगणकाच्या एएमडी जीपीयूंवर दिवसात वर्षाहून अधिक काळाचे हवामान रेटू शकले, आणि त्याला २०२३ चे हवामान गणनेसाठीचे गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. तिसरी वाट स्वित्झर्लंडने दाखवली. तिथल्या हवामान खात्याने आपल्या कॉस्मो मॉडेलचा गाभा एका छोट्या खास भाषेत नव्याने मांडला आणि रोजचा अंदाज जीपीयूवर काढायला सुरुवात केली. ब्रिटनचे मेट ऑफिसही याच वळणावर आहे: शास्त्रज्ञ साधे फोरट्रान लिहितो, पायथॉनमधले सायक्लोन हे साधन ते वाचून वाटणीचा आणि जीपीयूचा कोड स्वतः लिहिते. नोएडाचे आपले राष्ट्रीय मध्यम पल्ला केंद्र ब्रिटनच्याच युनिफाइड मॉडेलवर आधारलेले मॉडेल चालवते, तेव्हा ही वाट परक्यांची म्हणून सोडून देता येणार नाही.

मला तिसरी वाट सर्वांत मोलाची वाटते आणि तिचीच सर्वांत भीतीही वाटते. पाऊस कसा पडतो आणि यंत्र कसे पळते ही दोन ज्ञाने एकाच माणसाकडे क्वचित असतात, त्यांची फारकत करणे योग्यच. पण यंत्राने लिहिलेल्या कोडमध्ये चूक निघाली की ती शोधायला जनरेटर लिहिणाराच लागतो, आणि असे लोक जगात मूठभर. ते नोकरी सोडून गेले की संस्थेच्या हाती एक बंद पेटी उरते.

मग एकच नवी, परिपूर्ण भाषा का नको? हा प्रयत्नही झाला, आणि सरकारी पैशाने झाला. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन यंत्रणेने २००२ नंतर क्रे, आयबीएम आणि सन या तीन कंपन्यांकडून चॅपेल, एक्स-टेन आणि फोरट्रेस अशा तीन भाषा घडवून घेतल्या. फोरट्रेसचे काम २०१२ मध्ये थांबले, एक्स-टेनचे नाव आता क्वचित निघते. चॅपेल तेवढी टिकून आहे. ज्युलियाची गोष्ट अधिक उमेदीची. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या या भाषेच्या चार जनकांत विरल शाह हे भारतीय. पायथॉनसारखी सोपी आणि सीसारखी वेगवान, म्हणजे दोन भाषांची गरजच नको, असा तिचा दावा. तो पोकळ नाही: सेलेस्ट नावाच्या खगोल प्रकल्पात २०१७ साली ज्युलियाने कोरी महासंगणकाच्या साडेसहा लाख कोअरवर दीड पेटाफ्लॉपचा वेग गाठला. वंदे भारतला घाटात बँकर लागत नाही, तसलाच हा प्रकार. पण वंदे भारत आली म्हणून बाकीच्या गाड्यांचे डबे भंगारात गेले नाहीत. हवामानाच्या मॉडेलमध्ये दशकानुदशके पावसाच्या नोंदींशी ताडून घासलेला लाखो ओळींचा ऐवज असतो. तो नव्या भाषेत आणताना प्रत्येक आकडा पुन्हा ताडावा लागतो. कॅलटेकच्या पुढाकाराने क्लायमा हा गट पूर्ण ज्युलियात हवामान मॉडेल बांधत आहे, त्याच्याकडे लक्ष ठेवायला हवे.

धंद्याच्या जगातली मोट वेगळी आहे आणि इथे तिच्यावर थोडक्यात भागवतो. माहितीचे मोठे साठे अनेक यंत्रांवर वाटून हाताळणाऱ्या प्रणालींपैकी हडूप जावात, स्पार्क (वरच्या प्रोसेसरांशी संबंध नाही) स्कालात, आणि वापरणारे बहुतेक पायथॉनवाले. तिथेही सांध्यावर आकड्यांची ओळी-ओळीने ने-आण होई आणि वेग मरे, म्हणून सर्व भाषांना एकाच मांडणीत मेमरी वाचता यावी यासाठी अ‍ॅरो हे स्वरूप आले. कुठेही चालण्याच्या बाबतीत म्हणाल, तर वेबअसेंब्लीमुळे सी किंवा रस्टमधला कोड ब्राउझरमध्ये चालतो. मला त्याहून रंजक वाटतो तो २००३ साली सुरू झालेला क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट हा प्रकल्प. ब्रिटिश हवामान खात्याचे महासंगणकावरचे फोरट्रान मॉडेल घरोघरीच्या साध्या संगणकांवर उतरवून लोकांच्या रिकाम्या वेळात चालवले गेले. वेग यथातथाच, पण कुठेही चालण्याची परीक्षा यापेक्षा कडक कोणती असणार?

कुठेही चालते म्हणजे सगळीकडे तेच उत्तर येते, असे मात्र नाही. संगणकात बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो, आणि प्रोसेसरांची संख्या बदलली की क्रम बदलतो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले आणि काही काळाने पूर्ण वेगळे हवामान हाती आले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणून नव्या यंत्रावर मॉडेल नेले की एक-एक आकडा जुळवत बसत नाहीत. अनेक अंदाजांचा जुडगा दोन्हीकडे चालवून त्यांचा पसारा जुळतो का, ते पाहतात. आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत ही तपासणी अभावानेच शिकवली जाते, आणि बाहेर पडलेला पदवीधर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळले नाही की घाबरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने गेल्या काही वर्षांत पट उधळला. गूगल डीपमाइंडचे ग्राफकास्ट दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका चिपवर मिनिटाच्या आत देते. २०२५ च्या मान्सूनच्या आगमनाचा अंदाज केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला. त्यामागे गूगलचे न्यूरलजीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस ही मॉडेल होती. ग्राफकास्ट आणि न्यूरलजीसीएम दोन्ही जॅक्समध्ये लिहिलेली. म्हणजे दिसायला पायथॉन, पण पायथॉन इथे फक्त मसुदा. तो वाचून एक्सएलए हा कंपायलर समोर असेल त्या चिपसाठी कोड तयार करतो. स्वित्झर्लंडची तिसरी वाटच ही, फक्त रस्ता रुंद झाला. मात्र ग्राफकास्टची चौकट पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटरची आणि न्यूरलजीसीएमची त्याहून मोठी. पेरणी कधी करावी ते त्यातून समजेल. माथेरान आणि नेरळ यांतला फरक समजणार नाही.

आणि खरे सांगायचे तर सहा किलोमीटरलाही तो धड समजत नाही. एखादा डोंगर वा ढगांचा पुंजका नीट उमटायला सहा-सात चौकटी लागतात, असा मॉडेलवाल्यांचा अनुभव आहे. म्हणजे सहा किलोमीटरच्या जाळीत चाळीस किलोमीटरच्या आसपासची गोष्ट भरवशाने दिसते. बोरघाटाची भिंत दिसेल, इर्शाळगड दिसणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या याच गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. आधीच्या तीन दिवसांत तिथे सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाल्याचे आणि वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नसल्याचे सरकारने विधिमंडळात सांगितले. रायगडला त्या दिवशी लाल इशारा होता. पण रायगड म्हणजे उरणपासून पोलादपूरपर्यंत. लाल रंग सगळ्यांना सारखा. यात भाषांची मोट कुठे कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. चौकट एक किलोमीटरची झाली असती तरी उताराचा कोन, मातीचा थर आणि मुरलेले पाणी यांचे वेगळे गणित त्याला जोडावे लागले असते, आणि जोडूनही वाडीपर्यंत रस्ता नव्हता. वेगवान गणनेने एवढे होऊ शकते, की इशारा जिल्ह्याऐवजी खोऱ्यापुरता आणि काही तास आधी देता येईल. त्यापुढचे काम तहसील कचेरीचे.

तालुक्याच्या पातळीवर यातले काय जमण्यासारखे आहे? कर्जत-भिवपुरी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राचा भातावरचा अभ्यास जुना आहे, आणि महावेध प्रकल्पाने महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. डब्ल्यूआरएफ फुकट मिळते, अमेरिकेच्या जागतिक मॉडेलचे सुरुवातीचे आकडेही फुकट मिळतात. प्रयोगशाळेतल्या सात-आठ संगणकांचे क्लस्टर करून घाटमाथ्यापासून पनवेलपर्यंतचा चौकोन तीन किलोमीटरच्या जाळीवर चालवणे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे. त्यांनी हजेरीची आणि ग्रंथालयाची तीच-ती ॲप करण्यापेक्षा हे करावे. फोरट्रान वाचायला शिकावे, पायथॉनने नकाशे काढावेत, प्रोसेसर दोनावरून आठावर नेले की वेळ किती घटतो आणि कुठे घटायचा थांबतो ते मोजावे, आणि २०२३ च्या १७ ते १९ जुलैचा पाऊस मॉडेलमध्ये किती पडतो ते चौक गावाच्या आणि माथेरानच्या नोंदींशी ताडून पाहावे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी विषय मंजूर करताना एवढा एक यादीत घालावा.